सोसुआ : दुधावर तगलेलं गाव

सोसुआ हे कॅरिबियन बेटांमधल्या डोमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव. प्वेर्तो प्लाता शहरापासून थोडं पूर्वेला, इथंच अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीच्या बागा होत्या. कंपनीनं त्या सोडून दिल्या. १९४०मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून आलेल्या ज्यूंच्या वाट्याला हीच सुमारे २६,००० एकर जमीन आली.

त्याआधी, जुलै १९३८मध्ये, ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर फ्रान्समधल्या एव्हियाँच्या परिषदेत ३२ देश जमले होते. निर्वासितांसाठी हळहळ सगळ्यांनीच व्यक्त केली. लाखभर माणसं घ्यायला तयार झाला तो डोमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो. याच माणसानं ऑक्टोबर १९३७मध्ये शेजारच्या हैती देशातल्या हजारो लोकांची आपल्या देशात कत्तल करवली होती. त्याला डागाळलेलं नाव धुवायचं होतं, शिवाय देशात गोरी वस्ती वाढवायची होती. सोसुआबद्दल बोलताना हे वगळणं अन्यायाचं ठरेल.

आलेले बहुतेक शहरी, त्यात एकट्या तरुणांचा भरणा. सुरुवातीला शेती सामुदायिक होती. टोमॅटो लावले, पण माल घ्यायला जवळ बाजारच नव्हता. जमीनही अवघड : कुठं माती उथळ, कुठं पाणी तुंबणारं.

मग कुटुंबागणिक वाटणी झाली. ८० एकर जमीन, दहा गाई, एक खेचर, एक घोडा, सगळं कर्जाऊ. हा निर्णय गावाला तारून गेला, कारण पिकाला न पुरणाऱ्या मातीतही चारा येतो. अडचण होती दुधाची. या उष्म्यात कच्चं दूध काही तासांत नासतं, दूरच्या शहरापर्यंत टिकत नाही. म्हणून मळ्यांवरचं दूध कॅनमधून थेट गावातल्या सहकारी डेअरीत यायचं. मलई काढून लोणी, उरलेल्याचं चीज. हा माल प्रवासात टिकायचा आणि त्याला भावही मिळायचा.

सुमारे ५,००० व्हिसा दिले गेले. सोसुआत पोचले जेमतेम साडेसातशे. युद्धामुळे जहाजं मिळेनात, आणि ऑक्टोबर १९४१मध्ये नाझींनी ज्यूंना देश सोडायलाच बंदी केली. कागद हातात असूनही माणसं अडकली.

युद्धानंतर बरेच जण अमेरिकेला गेले. त्यांच्या जमिनी आणि गुरं मागे राहिलेल्यांनी घेतली, कळप मोठे झाले. सहकारी डेअरीच्या ‘प्रोडुक्तोस सोसुआ’ या नावाचं लोणी, चीज आणि मांस देशभर खपू लागलं. पुढे पर्यटन आलं आणि किनाऱ्यालगतच्या कुरणांवर हॉटेलं उभी राहिली. डेअरीही मेक्सिकन कंपनीकडे गेली. लाकडी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मात्र अजून आहे, शेजारी संग्रहालयही.