जोडणी

(दृश्य: हिंदमाता. गुडघाभर पाणी, ढकलत नेलेली स्कूटर. थोडा वेळ फक्त पावसाचा आवाज.)

पावसानं उघडीप दिली की मुंबईच्या दवाखान्यांत तापाच्या रांगा लागतात. ताप डेंग्यूचा आहे का, हे पहिल्या काही दिवसांत पाहायचं तर रक्तात विषाणूचं एनएस-१ हे प्रथिन शोधतात. ते फारच थोडं असेल तर चाचणीच्या हातून निसटतं. प्रथिनाच्या प्रती काढता येत नाहीत. डीएनएच्या मात्र काढता येतात. त्या तंत्राचं नाव पीसीआर, आणि हा शब्द तर कोरोनानं चाळीचाळीत पोचवला.

मग प्रथिनाला पकडणाऱ्या प्रतिपिंडालाच डीएनएचं शेपूट लावलं तर? १९९२ मध्ये सानो, स्मिथ आणि कँटर यांनी तेच करून दाखवलं. प्रतिपिंड प्रथिनाला पकडतो, पीसीआर शेपटाच्या प्रती काढत जातं, आणि नेहमीच्या एलायझा या प्रतिपिंड-चाचणीला न दिसणारं प्रथिनही हाती लागतं.

(दृश्य: मुंबईतली एक प्रयोगशाळा. बर्फाचा डबा, पिपेट धरलेला हात.)

सांगायला एक वाक्य. करायला हे.

डीएनएच्या एका टोकाला नायट्रोजन असलेला अमाइन गट बसवून घेतलेला असतो. प्रथिनात एक सिस्टीन (अमिनो आम्ल) हवं, कारण त्याच्या टोकाशी गंधक असतं. या दोघांमध्ये दुतोंडी रेणू: एक तोंड अमाइनला धरतं, दुसरं गंधकाला. सामू सातच्या आसपास ठेवायचा. तो वर गेला की गंधकासाठीचं तोंड अमाइनलाही चावू लागतं. आणि प्रथिनावर अमाइन जागोजागी असतात. शेपूट नेमकं पकडीच्या जागेवर बसलं, तर प्रतिपिंड आंधळाच झाला म्हणायचा.

(दृश्य: जेलवरचे निळे पट्टे. मागून आवाज: “मॅडम, तीन बँड आलेत.”)

जेलमध्ये रेणू आकारानुसार वेगळे होतात. खालचा पट्टा नुसत्या प्रथिनाचा. त्यावरचा एक शेपूट लागलेल्याचा, सगळ्यात वरचा दोन शेपटं लागलेल्याचा. हवा आहे फक्त मधला.

(दृश्य: कॉलम, म्हणजे मणी भरलेली उभी नळी. थेंब थेंब. हा शॉट कापलेला नाही.)

ही निवड शोधनिबंधात एका ओळीत उरकतात. आम्ही तिला जास्त वेळ दिला आहे, मुद्दाम. कॉलममधल्या मण्यांवर धन भार, डीएनएवर फॉस्फेटचा ऋण भार. मीठ हळूहळू वाढवत नेलं की नुसतं प्रथिन आधी सुटतं, मग एक शेपटाचं, मग दोन शेपटांचं. मोकळं डीएनए शेवटपर्यंत चिकटून राहतं. घाई केली की सगळं एकाच नळीत येतं आणि दिवस वाया जातो. बायोसेन्सरच्या, म्हणजे असे रेणू ओळखणाऱ्या उपकरणांच्या, बातम्यांत चकाकणारी चिप असते. ती चालते या थेंबांवर.

(दृश्य: बारीक सुईनं पृष्ठभाग चाचपणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शीचा पडदा. चौकोनी ठिपके.)

डीएनएच्या या चौकोनांची कुळी वेगळी. नेड सीमन स्फटिकशास्त्रज्ञ. प्रथिनांचे स्फटिक हट्टी असतात, तेव्हा डीएनएची जाळी विणून त्यात प्रथिनं बसवावीत, हा विचार त्यांनी १९८२ मध्ये मांडला. २००६ मध्ये पॉल रोथेमुंड यांनी एम१३ विषाणूचा सात हजारांहून अधिक अक्षरांचा एकच धागा घेतला आणि दोनशेहून अधिक छोट्या तुकड्यांनी टाके घालून त्याला हवा तो आकार दिला. डीएनए ओरिगामी. तापवायचं, मॅग्नेशियमच्या बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सावकाश थंड करायचं, घडी आपोआप पडते. प्रत्येक टाक्याचा क्रम वेगळा, म्हणून प्रत्येक जागेला स्वतःचा पत्ता. प्रथिनाला त्या पत्त्याचा पूरक धागा जोडला की ते काही नॅनोमीटरच्या नेमकेपणानं तिथं जाऊन बसतं. पडद्यावर कडेला उजळ दिसतंय, ते प्रथिन.

रक्तात डीएनए कुरतडणारी विकरं असतात, जोडलेलं डीएनए नको तिथं चिकटून खोटा इशाराही देतं, खर्चाचा प्रश्न आहेच. इथं दिसलेले सगळे नमुने बफरमधले आहेत. रुग्णाच्या रक्तावरची चाचणी आम्ही चित्रित केलेली नाही.

(श्रेयनामावली.)