कोरियातली इंग्रजी शिबिरं: कशासाठी सुरू झाली, कशी चालतात

श्रोतेहो, दक्षिण कोरियात शाळेला मोठ्या सुट्ट्या दोन. जुलैअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत उन्हाळ्याची आणि डिसेंबरच्या शेवटी सुरू होऊन जानेवारीभर चालणारी हिवाळ्याची. या सुट्ट्यांत सरकारी शाळांमध्येही इंग्रजीची शिबिरं भरतात. ज्या देशात पोरं वर्षभर शाळा सुटली की रात्री उशिरापर्यंत खासगी शिकवणीला, तिथल्या भाषेत हाग्वनला, जातात, तिथे सुट्टीत पुन्हा इंग्रजी कशाला?

याची सुरुवात १९९०च्या दशकात झाली. राष्ट्राध्यक्ष किम योंग-साम यांच्या सरकारने जागतिकीकरण हे राष्ट्रीय धोरण म्हणून पुढे आणलं. १९९५मध्ये परदेशी इंग्रजी शिक्षक सरकारी शाळांत आणण्याची योजना निघाली आणि १९९७पासून तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं झालं. (आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २०००मध्ये, म्हणजे काळ साधारण तोच.) त्याच १९९७च्या शेवटी कोरियावर आर्थिक संकट कोसळलं, नोकऱ्या गेल्या, आणि उरलेल्या नोकऱ्यांसाठी इंग्रजीच्या गुणांना आणखी वजन आलं.

वर्गात मात्र बोलायला जागाच नव्हती. प्राथमिक शाळेचा तास ४० मिनिटांचा. ३५ मुलांचा वर्ग धरला आणि शिक्षक तोंडातून शब्दही काढणार नाहीत असं मानलं, तरी एका मुलाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येतं. वर विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. तिच्या इंग्रजीच्या पेपरात ७० मिनिटांत ४५ प्रश्न असतात. त्यांतले १७ ऐकून सोडवायचे, बाकीचे वाचून. बोलायचा एकही नाही. त्यामुळे कठीण उतारे सोडवणारी, पण रस्ता विचारताना गप्प होणारी मुलं तयार झाली, आणि याचा दोष मुलांना देणं मला साफ अमान्य आहे.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी मुलं परदेशी धाडली. आई मुलांबरोबर अमेरिकेत किंवा कॅनडात, बाप एकटा सोलमध्ये राबून पैसे पाठवणार. अशा बापांना कोरियात ‘रानहंस बाबा’ म्हणतात. २००६ साली शालेय वयात शिकायला परदेशी गेलेल्यांची संख्या सुमारे २९,५०० होती. पैसा बाहेर जात होता, घरं दुभंगत होती आणि बेताच्या कमाईच्या घरातलं मूल मागे पडत होतं. शिबिरांच्या मुळाशी ही तिसरी गोष्ट आहे. परदेश घरच्या जवळ आणा, म्हणजे विमानाचं तिकीट न परवडणाऱ्यालाही तो अनुभव मिळेल, असा तो विचार होता.

सोलभोवतालच्या ग्योंगी प्रांताने तो अक्षरशः उभारला. २००४मध्ये आनसानला पहिलं ‘इंग्लिश गाव’ उघडलं, त्याच वर्षी सोलमध्येही एक झालं, आणि २००६मध्ये पाजूला सर्वांत मोठं. दारातच पारपत्र तपासणी, आत बँक, टपाल कचेरी, दवाखाना, दुकानं. सगळा व्यवहार इंग्रजीत. पण इमारती आणि परदेशी कर्मचारी यांचा खर्च शुल्कातून निघेना. आनसानचं गाव बंद झालं, पाजूच्या नावातला ‘इंग्लिश’ शब्दही पुढे गळून पडला. टिकली ती शाळेच्याच वर्गात भरणारी साधी शिबिरं.

त्यांचं गणित पाहा. तिसरी-चौथीला आठवड्याला इंग्रजीचे दोन तास, वर्षाचे ३४ आठवडे, म्हणजे ६८ तास. दोन आठवड्यांचं शिबिर, रोज चार तासिका: ४० झाल्या. वर्षाच्या निम्म्याहून अधिक, आणि वर्गात १५-१६च मुलं. परीक्षा नाही, पुस्तक संपवायची घाई नाही.

एवढं असूनही शिबिर फसतं, आणि ते बहुतेकदा आखणीत फसतं. बाजाराचा खेळ घ्या, तो जवळपास प्रत्येक शिबिरात असतो. आठ विक्रेते, आठ गिऱ्हाइकं, चार दुकानं, कागदी नोटा. शिक्षक हौसेने प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावतात आणि तिथेच घात होतो. मूल वस्तूकडे बोट दाखवतं, नोट देतं, पिशवी भरतं. दहा मिनिटं बाजार तेजीत आणि इंग्रजी शून्य. किमती फक्त विक्रेत्याच्या कार्डावर ठेवा, यादी फक्त गिऱ्हाइकाच्या. आता विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रत्येक वस्तूचे तीनच नग ठेवा, म्हणजे कुणाला तरी ‘संपलं’ ऐकावं लागेल आणि दुसरं काय आहे ते विचारावं लागेल. बारा मिनिटांनी भूमिका बदला.

नोटांवरचे आकडेही जपून निवडावे लागतात. कोरियन मोजणी दहा हजाराच्या पटीत चालते. त्याला ते ‘मान’ म्हणतात. ५०,००० म्हणजे पाच मान. इंग्रजीत ते पन्नास हजार करताना पोरं हमखास पाच हजार म्हणून मोकळी होतात. तिसरी-चौथीला वीसपर्यंतचे डॉलर द्यावेत. वॉनचे, म्हणजे कोरियन चलनाचे, मोठे आकडे पाचवी-सहावीला, आणि तेही आधी सराव करून.

गट इयत्तेवर पाडू नयेत. हाग्वनला जाणारा चौथीतला मुलगा सहावीतल्या मुलीला सहज गप्प करतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाशी तीन मिनिटं बोलून गट ठरवावेत. परदेशी शिक्षकाच्या जोडीला असलेल्या कोरियन सहशिक्षकाने प्रत्येक सूचनेचं लगेच भाषांतर केलं, तर मुलं इंग्रजी ऐकणंच सोडतात. त्याने आधी खेळ करून दाखवावा आणि अगदीच अडलं तर बोलावं. स्वयंपाकाची तासिका मुलांना फार आवडते, पण ॲलर्जीची माहिती आणि पालकांची संमती आधी हवी. साहित्याची मागणी शाळेच्या कार्यालयात काही आठवडे आधी द्यावी, नाहीतर ऐन दिवशी पाव आहे आणि जॅम नाही.

परदेशी शिक्षकांचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार २०१०मध्ये लागू झाला आणि अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट मिळाली. आपल्याकडच्या बी.एड. झालेल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

राहिला प्रश्न शिबिरानंतरचा. हिवाळी शिबिर जानेवारीत संपतं आणि नवं शालेय वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. मधल्या काळात वर्गशिक्षक बदलतो, कधी त्याची बदली दुसऱ्या शाळेत होते. म्हणून शेवटच्या दिवशी नाटुकल्याच्या तालमीत वेळ घालवण्याऐवजी प्रत्येक मुलाचं एक पान भरावं: कोणती वाक्यं तो न अडखळता वापरतो, कुठे थबकतो, कुणाशी जोडी जमते. ते पान शाळेत ठेवून मार्चमध्ये नव्या शिक्षकाच्या हाती द्यावं, म्हणजे पहिल्याच आठवड्यात त्याला त्या मुलाशी इंग्रजीत बोलायला सुरुवात करता येईल.