सिंगापूरचं चर्च आणि काळ्या पाण्याचे गवंडी

नमस्कार मंडळी! सिंगापूरला जाऊन आलेल्यांच्या फोटोंत एक पांढरंशुभ्र चर्च हमखास असतं. सिटी हॉल मेट्रो स्टेशनला अगदी लागून. हे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल. आराखडा रोनाल्ड मॅकफर्सन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा. पण विटेवर वीट रचली कुणी? हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनी.

अंदमानच्या आधी इंग्रजांचं काळं पाणी सिंगापूरलाही होतं. १८२५ साली सुमात्रातल्या बेंकुलेनहून हिंदी कैद्यांची पहिली तुकडी इथे उतरली. पुढे बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातूनही माणसं येत राहिली. जंगल तोडा, दलदल भरा, रस्ते बांधा, ही कामं त्यांच्याकडे. मग त्यांच्यातूनच गवंडी, सुतार, लोहार तयार केले गेले. विटाही तेच भाजत. आणि मुकादम? तेही कैद्यांपैकीच!

चर्चची पायाभरणी १८५६ ची. आता त्याचा गिलावा जवळून बघा.

[पडद्यावर: भिंतीचा क्लोजअप]

शिंपल्यांचा चुना घ्यायचा, वाळू अजिबात नाही. त्यात अंड्याचा पांढरा बलक आणि गुळासारखी जाडीभरडी साखर घालून चांगलं कुटायचं. नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी घालून सारखं करायचं. भिंतीवर थापलं, वाळलं, की गुळगुळीत दगडाने घोटत बसायचं, वरून संगजिऱ्याची पूड मारायची, तकाकी येईपर्यंत. ही मद्रासकडची रीत. गुळाचा चुना आपल्या जुन्या वाड्यांनाही नवा नाही, त्यामुळे ही कृती वाचताना मला फार जवळची वाटली.

म्हणूनच ‘डोकं साहेबाचं आणि घाम हिंदी माणसाचा’ हे मला मुळीच पटत नाही. त्या भिंतींत मद्रासची विद्याही आहे. १८६२ मध्ये चर्चचं विधिवत अर्पण झालं. नंतर १८६९ पर्यंत गव्हर्नमेंट हाऊस उभं राहिलं, तेही याच कैद्यांच्या हातांनी. आज ते ‘इस्ताना’, म्हणजे सिंगापूरच्या राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान आणि कार्यालय.

स्वखुशीने आलेलेही होते. नारायण पिळ्ळै १८१९ मध्ये पेनांगहून आले आणि त्यांनी वीटभट्टी काढली. श्री मारिअम्मन मंदिराच्या स्थापनेत पुढाकार त्यांचाच.

१८७३ मध्ये सिंगापूरची ही कैदी वसाहत बंद झाली. शिक्षा उरलेल्यांना अंदमानला हलवलं. सुटलेल्यांपैकी बरेच सिंगापूरलाच राहिले. कुणी बैलगाड्या हाकल्या, कुणी गाई पाळून दूध विकलं.

मुंबई इलाख्यातून गेलेल्या या माणसांचा माग मला काढायचा आहे. तुमच्या घराण्यात, गावात तसं कुणाचं नाव निघत असेल, एखादं जुनं कागदपत्र असेल, तर कॉमेंटमध्ये जरूर कळवा.