‘पानिपत’ नेलंत, तर ‘शिकस्त’ही न्या

(न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या मेळाव्यात, नाशिकहून आलेल्या एका निवृत्त ग्रंथालय सेविकेनं केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या कपाटासाठी ऐतिहासिक कादंबऱ्यांची यादी हवी आहे, असा निरोप मला नाशिकला असतानाच मिळाला होता. लेक फोनवर म्हणाली, “आई, दहा-बारा नावं लिहून आण, बस.” वही घेऊन बसले आणि अडले. एकतीस वर्षं वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर काढल्यावर मला पुस्तक एकटं आठवत नाही. ते परत करताना वाचकानं काय विचारलं आणि पाठोपाठ कुठलं नेलं, तेही आठवतं. म्हणून आज नुसती नावं सांगत नाही, जोड्या सांगते.

ही खोड मला एका वाचकानं लावली. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. बोलणं मोजकं, पुस्तक वेळेत परत. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ त्यांनी नेलं आणि आठव्या दिवशी आणून टेबलावर ठेवलं. तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का मारला, तरी ते तिथेच उभे. मग म्हणाले, “बाई, भाऊंच्या बायकोचं पुढे काय झालं हो?” मी आत गेले आणि ना. सं. इनामदारांची ‘शिकस्त’ आणून त्यांच्या हातात दिली.

‘शिकस्त’ १९८३ची, ‘पानिपत’ १९८८ची. पण वाचायची उलट्या क्रमानं. ‘पानिपत’मध्ये १४ जानेवारी १७६१चा तो दिवस अंगावर येतो. उपाशी फौज, खंगलेली जनावरं, बरोबर आलेले यात्रेकरू आणि बायकामुलं. ‘शिकस्त’मध्ये लढाई मागे पडते आणि पार्वतीबाई उरते. सदाशिवरावभाऊंबरोबर ती उत्तरेत गेली होती, एकटी परत आली. नवरा मेला हे तिनं शेवटपर्यंत मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला. पुण्यात त्याची चौकशी झाली, त्याला देहदंड झाला. त्या सगळ्यात या बाईच्या मनात काय चाललं असेल, ते बखर सांगत नाही. तिथे कादंबरीकारच लागतो. गुरुजींनी ‘शिकस्त’ परत करताना एवढंच म्हटलं, “आता पानिपत संपलं.” त्या दिवसापासून ‘पानिपत’ नेणाऱ्या प्रत्येकाला मी ‘शिकस्त’चं नाव सांगत आले.

आम्हा नाशिककरांना पानिपतची एक खूण रोज दिसते. पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ सालचं. ते बांधणाऱ्या नारोशंकर राजेबहाद्दरांकडेच भाऊंनी दिल्लीचा बंदोबस्त सोपवला होता. देवळाच्या भिंतीवर टांगलेली मोठी घंटा वसईची. चिमाजीअप्पांनी १७३९मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ती आठवण. पावसाळ्यात गोदावरी फुगली की आम्ही आधी विचारतो, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला, आणि मग विचारतो, पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं का? माझ्या शाळेच्या वयात मला ती घंटा पुराची खूण म्हणूनच ठाऊक होती. तिच्यामागे वसई आहे आणि ती टांगणाऱ्याच्या मागे दिल्ली आहे, हे मला पुस्तकांनी सांगितलं.

वसईचं नाव निघालंच आहे तर दुसरी जोडी सांगते. ‘झुंज’ आणि ‘मंत्रावेगळा’. दोन्ही इनामदारांच्याच. ‘झुंज’ यशवंतराव होळकरांची, ‘मंत्रावेगळा’ दुसऱ्या बाजीरावाची. २५ ऑक्टोबर १८०२ला पुण्याजवळ हडपसरला यशवंतरावांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणं सोडून पळाला आणि वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, वसईला इंग्रजांच्या तहावर सही करून बसला. ज्या वसईची घंटा आमच्या देवळात विजयाची म्हणून वाजते, त्याच वसईत त्रेसष्ट वर्षांनी हे घडलं. आता बघा, एकच लेखक एकदा होळकरांच्या तंबूत बसून लिहितो आणि एकदा त्यांचा शत्रू असलेल्या पेशव्याच्या मनात शिरून लिहितो. शाळेत दुसरा बाजीराव म्हणजे पळपुटा, एवढ्यावर आमची बोळवण झाली होती. ‘मंत्रावेगळा’ वाचल्यावर त्याच्या चुका माफ होत नाहीत, पण माणूस दिसतो. ‘झुंज’ लगेच पाठोपाठ वाचली, तर त्या चुकांची किंमत कोणी मोजली तेही दिसतं. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, नाशिकला याल तेव्हा वाट वाकडी करून नक्की बघा.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ची शिफारस करायला माझी गरज नाही. १९६२पासून ती घरोघर आहे. एक पाहिलेलं मात्र सांगते. आमच्याकडच्या ‘स्वामी’च्या प्रती बांधणीला जायच्या, तेव्हा पहिली पानं धड असायची आणि शेवटची वीस-पंचवीस सुटलेली. इतर पुस्तकांचं उलटं असतं, सुरुवातीची पानं मळतात आणि शेवट कोरा राहतो. ‘स्वामी’चा शेवट लोक पुन्हा पुन्हा उघडत होते. थेऊर, चिंतामणीचं देऊळ, क्षयानं झिजलेले सत्तावीस वर्षांचे माधवराव आणि रमाबाई. एका प्रतीत त्या पानांच्या कडेला हळदीच्या बोटांचा ठसा होता. स्वयंपाक अर्धा टाकून कोणीतरी वाचत बसली असणार. ती प्रत रद्दीत काढायची वेळ आली, तेव्हा मी ते पान कापून घरी नेलं. नियमाला धरून नव्हतं, पण नेलं.

‘स्वामी’बरोबर काय वाचावं? आधी इनामदारांची ‘राऊ’, म्हणजे थोरले बाजीराव आणि मस्तानी. त्यावरचा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, कादंबरी १९७२ची आहे. मग ‘पानिपत’, मग ‘स्वामी’, आणि शेवटी ‘मंत्रावेगळा’. या क्रमानं तीन पिढ्या ओळीनं समोरून जातात, आणि आजोबांनी मिळवलेलं नातवंडांच्या हातून कसं निसटतं ते कोणी समजावून न सांगता कळतं. या घराण्याचे रुसवेफुगवे नाशिककडे यायचे. माधवरावांशी बिनसल्यावर त्यांच्या आई गोपिकाबाई गंगापूरला येऊन राहिल्या. आज गंगापूर म्हटलं की लोकांना धरण आठवतं. आणि माधवरावांचे काका राघोबादादा यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या नावाचं आनंदवल्ली तर आता शहरातच आलं आहे. ‘स्वामी’ वाचून झाल्यावर मी एकदा मुद्दाम गंगापूर रोडनं त्या बाजूला गेले. एक आई आणि एक चुलती, दोघींच्या मनात पुणं, आणि मध्ये ही गोदावरी. कादंबरीनं मला माझ्याच गावातला रस्ता नव्यानं दाखवला.

आता ‘छावा’. २०२५मध्ये सिनेमा आला आणि आमच्या टेबलासमोर तरुण मुलांची रांग लागली. फार बरं वाटलं. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९७९ची. भाषा भारदस्त, अलंकारांनी लगडलेली. काहींना ती जड जाते, पण पन्नास पानं धीर धरा, मग ती तुम्हाला ओढून नेते. तिच्याबरोबर विश्वास पाटलांची ‘संभाजी’ घ्या. राजा तोच, पण मांडणी वेगळी, मोहिमांचा तपशील जास्त. आणि या दोन्हींवर ‘शहेनशाह’ वाचा, इनामदारांची, औरंगजेबावरची. एका मुलाला मी ‘शहेनशाह’ पुढे केली, तर तो म्हणाला, “काकू, त्याच्याबद्दल कशाला वाचायचं?” मी म्हटलं, “ज्याच्याशी आपली माणसं सत्तावीस वर्षं झुंजली, तो कोण होता ते कळल्याशिवाय झुंज केवढी होती ते कसं कळेल?” त्यानं नेली. पंधरा दिवसांनी आला तेव्हा मी त्याला सांगितलं, आता रामशेजवर जाऊन ये.

रामशेज नाशिकहून पेठ-दिंडोरीच्या बाजूला, आशेवाडी गावावर आहे. उंच नाही, दुर्गम नाही. लहान मुलंही तासाभरात चढतात. १६८२मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं त्याला वेढा घातला. सरदार बदलले, लाकडाचे प्रचंड दमदमे, म्हणजे उंच बुरूज, उभारले, तरी पाच वर्षांच्या वर किल्ला हाती लागला नाही. गडावर धड तोफाही नव्हत्या. मावळ्यांनी लाकडी नळकांडी कातड्यानं मढवून त्यांच्याच तोफा केल्या, हे मोगलांच्याच बाजूच्या इतिहासकारानं, खाफीखानानं लिहून ठेवलं आहे. तो मुलगा जाऊन आला. मोबाइलवर गडावरच्या पाण्याच्या टाक्यांचे फोटो दाखवत म्हणाला, “काकू, एवढासाच आहे हो!” त्या ‘एवढासाच’मध्ये त्याला जे कळलं, ते तिन्ही पुस्तकं मिळून मला सांगायचं होतं.

‘श्रीमान योगी’ कपाटात हवीच. तिच्या सुरुवातीला नरहर कुरुंदकरांचं देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलं आहे. बरेच वाचक ते उलटून पुढे जातात. आधी सोडलंत तरी चालेल, पण कादंबरी संपवल्यावर मागे येऊन वाचा. शिवाजी महाराजांकडे डोळसपणे पाहायचं म्हणजे काय, ते त्या पानांत आहे.

आणि शेजारी गो. नी. दांडेकर ठेवा. ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’, ‘हे तो श्रींची इच्छा’. मला विचाराल तर ही पाच पुस्तकं मी आधी घेईन. आपल्या ऐतिहासिक कादंबरीत गादीवरची माणसं फार आणि गादीबाहेरची थोडी, ही माझी जुनी तक्रार आहे. गोनीदांचं मन मात्र गडावर पाणी वाहणाऱ्याकडे, शेत राखणाऱ्याकडे जातं. ते गड पायांनी तुडवलेले लेखक, त्यांच्या पानांना मातीचा वास येतो. याच कारणानं महाबळेश्वर सैलांची ‘तांडव’ही घ्या. पोर्तुगिजांच्या अमलाखाली गोव्यातल्या साध्या गावकऱ्यांवर धर्मांतराचं जे संकट कोसळलं, त्याची ती कहाणी आहे. वाचताना त्रास होतो. मी दोनदा बाजूला ठेवली आणि दोनदा पुन्हा उचलली.

‘मृत्युंजय’ आणि ‘ययाति’ यादीत का नाहीत, असं सकाळी एका ताईंनी विचारलं. त्या पौराणिक. जरूर घ्या, पण वेगळ्या कप्प्यात ठेवा. मुलं महाभारत आणि मराठेशाही एकाच दमात सांगायला लागतात.

इथल्या तरुण मंडळींसाठी मुरलीधर खैरनारांची ‘शोध’. खैरनार आमच्या नाशिकचे, नाटकातले. कादंबरी २०१५ची, आजच्या काळात घडणारी आणि वेगवान. तिच्या मुळाशी १६७०ची सुरतेची दुसरी लूट आहे. ती घेऊन परतताना महाराजांची मोगलांशी वणी-दिंडोरीजवळ लढाई झाली, हा इतिहास. त्या खजिन्यातला काही भाग कुठे गेला, ही कादंबरी. मराठी पुस्तक कधी पुरं न केलेल्या माझ्या भाच्यानं ती तीन रात्रींत संपवली आणि चौथ्या दिवशी साल्हेरचा किल्ला कुठे आहे ते विचारलं.

जुन्यांपैकी हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ एक तरी असू द्या. १८९५पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती, लोक पुढच्या अंकाची वाट बघत. भाषा आता जुनी वाटते, पण आजी-आजोबांनी मोठ्यानं वाचून दाखवली तर नातवंडं ऐकतात. माझ्या घरचा अनुभव आहे.

तुमच्या इथलं एक पुस्तक शेवटी राखून ठेवलं होतं. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये नवऱ्याशिवाय बोटीनं अमेरिकेला आल्या, त्या उतरल्या कुठे? याच न्यू जर्सीत, रोझेल गावी, कार्पेंटरबाईंच्या घरी. १८८६मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि पुढच्या वर्षी पुण्यात, बावीस वर्षं पुरी होण्याआधीच, गेल्या. त्यांच्या अस्थी पुन्हा इकडे आल्या, पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत आहेत. लेकीनं परवा मला रोझेलमधून गाडीनं फिरवलं. रस्ते स्वच्छ, झाडांची पानं लाल झालेली. गारठा एवढा की मी शाल दुहेरी घेतली. त्या पोरीनं साडीत हा गारठा कसा काढला असेल, हेच सारखं मनात येत होतं. या पुस्तकाबरोबर काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र मिळवा. कादंबरीतला त्यांचा नवरा गोपाळराव आणि चरित्रातला गोपाळराव शेजारी ठेवा आणि आपापसात भांडा. भांडण्याजोगा माणूस आहे तो.

आमच्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू करून पुस्तकांच्या पेट्या परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचवल्या. तिथली मी, म्हणून रिकाम्या हातानं येणं जमलं नाही. वजनाच्या काट्यावर साड्या कमी केल्या आणि नऊ पुस्तकं आणली. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आहेत, शेजारी वही आहे. नाव, तारीख आणि पुस्तक लिहा. एका वेळी दोन न्यायची मुभा आहे. ‘पानिपत’ एकच प्रत आहे, ‘शिकस्त’ही एकच. जो पहिली नेईल, त्यानं दुसरीही आत्ताच उचलावी. मधे दुसऱ्या कोणी नेली, तर तुमचा तो प्रश्न महिनाभर तसाच अडकून राहील.