राजा घोड्याला नाल मारून घेतो

नमस्कार श्रोतेहो.

मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळालं, हे शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय. पण जावईबापू कोण? इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. नवरी पोर्तुगालची कॅथरीन, लग्न 1662 सालचं. तिच्यामुळे त्या दरबारात चहाची गोडी वाढली. चहा चांगला खळखळून उकळायला हवा, नुसती पुडी बुडवून होतो त्याला मी चहा म्हणत नाही. असो.

तर हे जावईबापू एकेकाळी जीव मुठीत धरून पळत होते. 1649 साली वडिलांचा शिरच्छेद झालेला. 1651 च्या सप्टेंबरात स्कॉटिश फौज घेऊन चार्ल्स आला आणि इंग्लंडमधल्या वूस्टरला संसदेच्या फौजेचा सेनापती क्रॉमवेल याच्याकडून सपाटून हरला. वय एकवीस. डोक्यावर 1000 पौंडांचं इनाम. आणि उंची? सहा फुटांच्या वर! असा माणूस लपवायचा कुठे? एक दिवस ओकच्या झाडावर काढला. मग केस कापून, साधे कपडे घालून जेन लेन या बाईंचा नोकर झाला. नाव घेतलं विल जॅक्सन.

वाटेत घोडीचा नाल निखळला. आता नोकर म्हटल्यावर लोहाराकडे जाणार कोण? तोच. घोडीचा पाय हातात धरून उभा राहिला आणि विचारतो कसा, ‘काय हो, काय खबर?’

लोहार म्हणाला, ‘स्कॉट हरले, हीच खबर. पण तो बदमाश चार्ल्स स्टुअर्ट काही सापडल्याचं कानावर नाही.’

बरं का, घोडीचा पाय धरून उभाय तोच चार्ल्स स्टुअर्ट! त्याने पापणी हलवली नाही. म्हणाला, ‘सापडला तर सगळ्यांच्या आधी त्यालाच फासावर द्यायला हवा. स्कॉटांना आणलं कुणी? त्यानेच ना!’

लोहार खूश. म्हणाला, ‘प्रामाणिक माणसासारखं बोललास!’

सहा आठवडे असं लपतछपत तो फ्रान्सला पोचला. 1660 साली परतला तो राजा म्हणूनच, तेही तिसाव्या वाढदिवशी वाजतगाजत लंडनमध्ये. पुढे हा किस्सा तो रंगवून रंगवून सांगायचा. 1680 साली प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेप्स यांना त्याने स्वतः तोंडी सांगून लिहवून घेतला.

घ्या, वेळ संपत आली आणि राज्यकारभार राहिलाच. 1665 ला प्लेग, 1666 ला लंडनची आग, 1685 ला मृत्यू. आणि मुंबई? आंदणाचं बेट त्याला परवडेना, म्हणून 1668 साली ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. भाडं वर्षाला 10 पौंड. महिन्याला नव्हे हो, वर्षाला. 10 पौंड!