अ‍ॅनी ह्यूज ग्रिफिथ्स यांची रोजनिशी

श्रोतेहो, नमस्कार.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर अ‍ॅबरिस्टविथ नावाचे गाव आहे. तेथील टेकडीवर वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि त्यात शांततेचे आवाहन घेऊन अमेरिकेला गेलेल्या वेल्सच्या स्त्रियांच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख अ‍ॅनी ह्यूज ग्रिफिथ्स यांची १९२४ सालच्या अमेरिकावारीतील रोजनिशी जपून ठेवलेली आहे. आजचे हे भाषण त्या रोजनिशीविषयी आहे.

पहिले महायुद्ध संपून पाच वर्षे होत आली होती. वेल्सच्या स्मरणग्रंथात युद्धात कामी आलेल्या सुमारे ३५,००० जणांची नावे पुढे नोंदली गेली, यावरून त्या लहानशा देशातील घरांची अवस्था कळावी. असे युद्ध पुन्हा होऊ नये म्हणून स्थापन झालेल्या राष्ट्रसंघापासून अमेरिका मात्र दूर राहिली होती. तेव्हा वेल्सच्या स्त्रियांनी अमेरिकेच्या स्त्रियांनाच साद घालण्याचे ठरवले. १९२३ मध्ये कार्यकर्त्या घरोघर फिरल्या आणि त्यांनी ३,९०,२९६ स्त्रियांच्या सह्या मिळवल्या. वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, विल्यम्स अशी मोजकीच आडनावे पुन्हापुन्हा आढळतात. त्यामुळे सहीशेजारी लिहिलेले शेताचे किंवा घराचे नाव हीच त्या बाईची खरी ओळख ठरते. अमेरिकेने राष्ट्रसंघात आपले स्थान घ्यावे आणि पुढील पिढ्यांच्या हाती युद्धमुक्त जगाचा वारसा द्यावा, हे त्यांचे मागणे होते.

सह्यांचे कागद ओक लाकडाच्या पेटीत भरून शिष्टमंडळ बोटीने निघाले. अ‍ॅनी त्याच्या प्रमुख होत्या. त्यांच्याबरोबर मेरी एलिस, एलिनेड प्रीस आणि ग्लॅडिस टॉमस या तिघी होत्या. १९ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलात अमेरिकन स्त्रियांसमोर हे आवाहन मांडले गेले आणि दोनच दिवसांनी शिष्टमंडळाने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांची भेट घेतली.

या प्रवासाला निघालेल्या अ‍ॅनींनी वैयक्तिक आयुष्यात मोठा घाव सोसलेला होता. त्यांचे पहिले पती टॉम एलिस हे वेल्सचे नावाजलेले खासदार होते. लग्नाला वर्षही झाले नव्हते तोच, १८९९ मध्ये, ते वारले आणि मुलगा वडिलांच्या पश्चात जन्मला. पुढे अ‍ॅनींनी पीटर ह्यूज ग्रिफिथ्स या धर्मोपदेशकांशी विवाह केला. आवाहनपत्रात लाखो स्त्रिया एकाच संयत आवाजात बोलतात. त्यांचा निरोप घेऊन गेलेल्या या एका बाईचा दिवस कसा गेला, हे तिच्या स्वतःच्या कागदपत्रांतच शोधावे लागते, आणि म्हणून ती रोजनिशी मला सहीपत्राइतकीच मोलाची वाटते.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ही रोजनिशी ग्रंथालयात अ‍ॅनींच्या नावाच्या स्वतंत्र संग्रहात नाही. ती त्यांचा मुलगा आणि सून यांच्या कागदपत्रांच्या संग्रहात आहे. अभिलेखागारांचा नियम असा की, कागद ज्या घरातून आले त्या घराचा संग्रह फोडायचा नाही. नियम योग्यच आहे, कारण कोणी काय आणि का जपले हेही त्यातून कळते. शिवाय मुलाने आणि सुनेने कागद टाकून दिले असते, तर आज बोलायला काहीच उरले नसते. तरीही जिने एका राष्ट्राच्या स्त्रियांचे नेतृत्व केले, तिच्यापर्यंत मुलाच्या नावावरून पोहोचावे लागते, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

सह्यांची पेटी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जवळपास शतकभर राहिली. वेल्समध्ये या मोहिमेची आठवणही पुसट होत गेली होती. वेल्सची राजधानी कार्डिफ येथील ‘टेम्पल ऑफ पीस’ या इमारतीत, म्हणजे शांतिमंदिरात, आवाहनाची चामडी बांधणीची प्रत पुन्हा नजरेस पडली, तेव्हा शोध सुरू झाला. एप्रिल २०२३ मध्ये पेटी अ‍ॅबरिस्टविथला परतली. त्यानंतर पानांची छायाचित्रे घेतली गेली आणि स्वयंसेवक एकेक नाव वाचून संगणकावर उतरवू लागले, म्हणजे कोणालाही आपल्या पणजीची सही शोधता यावी. सह्या आणि रोजनिशी आता एकाच छपराखाली आहेत. यापुढे अभ्यासकांनी ही दोन्ही शेजारीशेजारी ठेवून वाचावीत, आणि सूचीत अ‍ॅनींचे नाव शोधणाऱ्याला मुलाचे नाव ठाऊक असण्याची गरज पडू नये, असे मला मनापासून वाटते.

नमस्कार.