यंत्र म्हणते, विहिरीत पाणी नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट सांगतो. कळमेश्वरच्या पुढे आमची चार एकर संत्र्याची बाग आहे. आंबिया बहराचा, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा, ताण तोडायचा, बागेला पुन्हा पाणी सोडायचा दिवस होता. महिनाभर पाणी बंद ठेवलेले, पाने मलूल होऊन वळायला लागलेली. ज्यांच्याकडे संत्रा आहे त्यांना मी काय सांगणार? ताण वेळेवर तुटला तर बाग फुलते, लांबला तर पाने गळतात आणि फांद्या वाळायला लागतात.

सकाळी आठ वाजता मी सौर पंपाच्या पेटीसमोर उभा राहिलो. बटण दाबले. मोटर घुमायला लागली, पाइप किंचित थरथरला, आणि दोन मिनिटांत सगळे गप्प. पेटीच्या चिमुकल्या पडद्यावर दोन शब्द उमटले, ‘ड्राय रन’. म्हणजे विहिरीत पाणी नाही, मोटर कोरडी फिरते आहे, सबब मी ती बंद करत आहे.

मी विहिरीत वाकून पाहिले. साठ फूट खोल विहीर, तळाशी बारा-तेरा फूट पाणी, त्यात माझेच डोके हलताना दिसत होते. पुन्हा बटण दाबले, तर पडद्यावर तीस मिनिटांची उलटी मोजणी सुरू झाली. अर्ध्या तासाने परत तेच दोन शब्द. तोवर बायको डबा घेऊन आली होती. तिने धुऱ्यावरचा एक गोटा उचलला आणि विहिरीत टाकला. डुबूक! मग पेटीकडे बोट दाखवून मला म्हणते, “ऐकू आलं का म्हणा तिले? का कान कंपनीतच राह्यले तिचे?”

मी अठ्ठावीस वर्षे आयटीआयत डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. बिघाड समजल्याशिवाय मला जेवण जात नाही. त्या दिवशी चिंचेखाली बसून जो हिशेब मांडला तो तुम्हालाही सांगतो, कारण सौर पंप आता गावोगावी आहेत.

पाणी आहे की नाही हे बहुतेक पेट्यांना थेट कळत नाही. मोटर किती करंट ओढते, एवढेच पेटी पाहते. पाणी उचलणारी मोटर जोर लावते, करंट जास्त घेते. कोरडी मोटर हलकी फिरते, करंट कमी. तो एका ठरावीक आकड्याच्या खाली गेला की पेटी समजते, पाणी संपले. युक्ती चांगली आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पाण्यावाचून फिरलेली सबमर्सिबल किती लवकर बसते आणि मोटर भरायला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायला, किती पैसे मोजावे लागतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी भोगले आहे.

पण जानेवारीत सकाळी आठला काय होते? सूर्य तिरपा, त्यात नाल्याच्या बाजूने धुई. पाच एचपीच्या पंपाला साधारण ४,८०० वॅटचे पॅनेल असते, त्यातून त्या वेळी निम्मीही वीज निघत नाही. मग पेटी मोटर सावकाश फिरवते. आणि सावकाश फिरणाऱ्या पंपाचे गणित विचित्र असते. वेग निम्मा झाला की पाणी उचलण्याची उंची निम्मी होत नाही, पाव होते. पाणी पाइपात अर्ध्यावर चढून तिथेच झुलत राहते, वर थेंब येत नाही. मोटर हलकी, करंट कमी. पेटीला वाटते विहीर आटली. खरे म्हणजे आटलेले असते ऊन.

हा फरक ओळखणे अवघड नाही. वेग कमी असताना तो आकडाही खाली घ्यायचा, इतकेच. आमची हीच पेटी त्याच्या आदल्या जानेवारीत नीट चाललीही होती. मग दिवाळीनंतर एक माणूस येऊन ‘अपडेट’ टाकून गेला. काय टाकले, कशासाठी टाकले, कोणी सांगितले नाही. पेटीत एक नवा कारभारी येऊन बसला आणि त्याने कळमेश्वरची धुई कधी पाहिलेली नव्हती.

टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवली. पंप सरकारी योजनेतला, त्याला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी, त्यामुळे पेटीचे सील स्वतः तोडायची सोय नाही. माणूस आला नवव्या दिवशी. मधल्या काळात मी पेटीच्या कलाने वागलो. दहा वाजेपर्यंत स्विचला हात लावायचा नाही. दहानंतर ऊन चढले की तीच विहीर, तोच पंप, धो धो पाणी. दुपारी साडेतीननंतर पुन्हा रुसवा. दोन दिवसांच्या ओलिताला चार दिवस लागले.

आलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, मोटारसायकलवर, सकाळपासूनचे त्याचे ते तिसरे गाव. मोबाईल पेटीला जोडला, एक आकडा बदलला, दोन मिनिटांत काम झाले. मी विचारले, “बेटा, कोणता आकडा बदललास?” म्हणाला, “काकाजी, मले बी इतकाच मेनू दिसते. त्याच्या आत मलेही जाता येत नाही.” त्याच्यावर काय राग धरायचा! त्याला चहा पाजला.

आता ट्रॅक्टरकडे वळतो. वर्कशॉपमध्ये मी मुलांना पहिला धडा कानाचा द्यायचो. इंजिन मिसिंग करते आहे, एखादा सिलिंडर काम चुकवतो आहे? चालू इंजिनात एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट जरासा ढिला करायचा. ज्याचा ढिला करूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. एक पाना आणि एक चिंधी, यात निदान व्हायचे. तीच गोष्ट आज हात जोडून सांगतो, कॉमन रेलच्या इंजिनावर, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जाते तिथे, चुकूनही करू नका. तिथे पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. डिझेलची ती धार कातडी भेदून आत जाते, बोट कापायची वेळ येते.

ही कॉमन रेल ट्रॅक्टरात आली ती धुराच्या नियमांमुळे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-फोरचे नियम लागू झाले. मग सेन्सर आले, ते सांभाळणारा इंजिनाचा संगणक आला, ज्याला ईसीयू म्हणतात. धूर खरोखर कमी झाला. ट्रॅक्टरवर दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या छातीला विचारा.

माझ्या पुतण्याकडे असा ५५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. पोळ्याला त्याने तो प्रेशर पंपाने धुतला, हार घातला, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. बैल धुतला की खुलतो. ट्रॅक्टरला सर्दी झाली, पण ती लगेच दिसली नाही. सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्याची पेरणी सुरू होती, जमिनीतली ओल चार-सहा दिवसांची, आणि वावराच्या मधोमध पडद्यावर पिवळा दिवा लागला. इंजिन मिनिटाला बाराशे फेऱ्यांच्या वर रेस घेईना. ईसीयूला काही खटकले की तो इंजिन जपण्यासाठी ताकद कापतो. इंजिन जपले गेले, पेरणी तिथेच थांबली.

मिस्त्री स्कॅनर घेऊन आला. कोड निघाला रेल प्रेशर सेन्सरचा. सेन्सर बदलला. दोन दिवस बरे गेले, पुन्हा दिवा, पुन्हा तोच कोड, पुन्हा नवा सेन्सर. इथे मला जरा थांबून सांगायचे आहे, कारण या एका गैरसमजापायी लोकांचे फार पैसे जातात. कोड फक्त एवढेच सांगतो की अमुक वाटेने येणारा निरोप चुकीचा वाटतो. चूक सेन्सरची आहे, वायरीची आहे, की प्लगची, हे तो सांगत नाही. सेन्सर बदलणे सोपे आणि त्याचे बिल होते, म्हणून आधी सेन्सर बदलला जातो. शेवटी मी प्लग काढून पाहिला. आतल्या पिनांवर हिरवट गंज. पोळ्याचे पाणी! कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला आणि पिना चकचकीत झाल्या.

तरीही ट्रॅक्टर ताकद देईना. कारण जुनी तक्रार ईसीयूच्या वहीत लिहिलेली, ती खोडायला तोच स्कॅनर हवा, आणि तो स्कॅनर घेऊन मिस्त्री तोवर दुसऱ्या तालुक्यात गेलेला. आजार बरा झाला, पण डिस्चार्ज कार्डावर सही करायला डॉक्टर नाही, म्हणून पेशंट खाटेवरच. पुतण्याने शेजाऱ्याचा वीस वर्षांपूर्वीचा पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर मागून आणला आणि उरलेली पेरणी उरकली. त्या ट्रॅक्टरला पडदा नाही. डिझेलचा मीटरही बंद आहे, टाकीत काडी घालून बघतात.

मोबाईल स्टार्टरबद्दल जास्त बोलत नाही, तुम्हीच मला सांगाल. रात्रीची लाइन असते, आपण घरून फोन लावतो, पलीकडून एक बाई गोड आवाजात म्हणते, आपली मोटर सुरू झाली आहे. सकाळी जावे तर वाफे कोरडे. आदेश गेला एवढेच त्या बाईला बऱ्याचदा ठाऊक असते, मोटर फिरली की नाही ते नाही.

अमेरिकेतले शेतकरीही या दुखण्याने बेजार आहेत. तिथल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू आहे. शेतीयंत्र बनवणाऱ्याने दुरुस्तीची पुस्तके, सुटे भाग आणि सॉफ्टवेअरची साधने शेतकऱ्याला आणि स्वतंत्र मिस्त्रीलाही उपलब्ध करून द्यायची. त्याच २०२४ च्या मे महिन्यात सूर्यावर मोठे वादळ उठले, उपग्रहांचे सिग्नल बिघडले, आणि ऐन मक्याच्या पेरणीत तिकडचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ओळ सोडू लागले. कित्येकांनी पेरणी थांबवली. सूर्याने मला एकट्यालाच छळलेले नाही, एवढे समाधान.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. सुरुवातीला जी चार क्षेत्रे घेतली त्यांत मोबाईल, घरगुती उपकरणे आणि गाड्यांच्या बरोबरीने शेतीची अवजारे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. कोलोरॅडोसारखी सक्ती मात्र आपल्याकडे अजून नाही. तोवर हाताशी आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. पुष्कळांना वाटते, शेतीसाठी घेतलेले यंत्र म्हणजे धंद्याची खरेदी, मग आपण ग्राहक कुठले? तसे नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्यात धंद्याची धरत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, लिहून घ्या.

आणि तक्रार करताना नुसते ‘पंप बंद आहे’ म्हणू नका. पडद्याचा व्हिडिओ काढा, त्यात तारीख-वेळ, आभाळ आणि विहिरीतले पाणी येऊ द्या. मी आठ दिवसांची वही लिहिली होती, किती वाजता बंद पडला, ऊन कसे होते. त्या मुलाने ती वही पाहिली आणि कोणत्या मेनूत जायचे हे त्याला लगेच कळले. नवे यंत्र घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न आधी विचारा, कोडचा अर्थ मराठीत कुठे छापला आहे, आणि रविवारी बंद पडले तर कोड कोण खोडणार. उत्तर लेखी मागा. आणि ट्रॅक्टर धुताना पाण्याची धार प्लगवर मारू नका, पोळा असला तरी.

सॉफ्टवेअर नको, असे माझे म्हणणे नाही. त्याच्या ड्राय रनच्या नियमाने कुणाकुणाच्या मोटरी वाचवल्याही असतील. पण विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला त्याला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. एक बटण द्या. मला पाणी दिसते आहे, माझ्या जबाबदारीवर दहा मिनिटे चालव, असे सांगणारे. मी ते दाबले याची नोंद खुशाल तुमच्या वहीत ठेवा, उद्या मोटर जळली तर मी भरून घेईन.

आमची पेटी यंदाही तीच आहे. मधे उन्हाळ्यात सिमवरून आणखी एक अपडेट येऊन गेले म्हणे. परवा ताण तोडायचा आहे. आठ वाजता बटण दाबून पाहणार आहे. बायकोने विहिरीच्या काठावर गोटा आणून ठेवला आहे.

नमस्कार.